पाकिटावरची माय

साखरखेर्डा, १२ जुलै १९९८

दादा,

तीर्थरूप लिहिलं होतं, खोडलं. चार वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्यात मायची चौकशी एका ओळीत उरकून पुढे दीड पान पापडाचं! "मायची तब्येत बरी असेल." असेल! साधा प्रश्नसुद्धा नाही. मायला वाचून दाखवताना मी ती एकच ओळ तीनदा वाचली, दर वेळी आवाज बदलून, म्हणजे तिला वाटावं की लेकानं बरंच काही विचारलंय.

कोकिळा चिखलीला कॉम्प्युटरवर चित्रं काढते, असं तुला कोणीतरी सांगितलं म्हणे. खरं आहे. दुसरबीडचं सासर सोडून मी परत आले तेव्हा तुला दोन शब्द लिहायला सुचले नाहीत, आणि कॉम्प्युटरचं कळल्याबरोबर अंतर्देशीय पत्र आलं. माणसाची किंमत कशी वाढते ते कळलं.

वामनराव पेंटर तुला आठवत असतील. आपल्या बाजारातल्या कापड दुकानाची पाटी त्यांनीच रंगवली होती. गुडघे गेले, शिडी चढवेना, तेव्हा त्यांनी चिखलीला गाळा घेऊन पुढे कॉम्प्युटर मांडले आणि मागच्या खोलीत स्क्रीन प्रिंटिंग सुरू केलं. आत एसी आहे, तो माणसांसाठी नाही, मशीनसाठी. चपला बाहेर काढाव्या लागतात. बंद खोलीत शिकाऊ पोरांच्या मोज्यांचा वास असा कोंडतो की सकाळी खाल्लेली भाकरी वर येते. त्या वासात मी चित्रकला शिकले.

आणि चित्रकला तरी कसली! रेघ ओढायचीच नाही. हात टेबलावर फिरतो आणि रेघ समोर काचेत उमटते. दोन ठिपके टाकायचे, मधली रेघ मशीन ताणून देतं, मग तिचा कान पकडून तिला हवं तसं वाकवायचं. सुरुवातीला मी नुसते चौकोन आणि गोल काढत होते. आता तंबाखूच्या पुडीवरचा वाघ काढते, बँडवाल्यांची कार्डं करते, कीटकनाशकाच्या डब्यावरची हसरी बाई काढते. विषाच्या डब्यावर बाई कशाला हसते, असं मी वामनरावांना विचारलं. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाले हसरी बाई लागते, पोरी. न हसनाऱ्या त्याच्या घरी हायेतच." तेव्हापासून मी बाया हसवते. वीट आलाय त्या दातांचा.

आता तुझं पाकीट. वर "सत्यभामा पापड", खाली "आईच्या हातची चव", आणि मध्ये मायचं चित्र. जन्मभर आपण तिला माय म्हणालो, पाकिटावर ती आई झाली! तुझ्या शेगावला लांबलांबचे भक्त येतात, त्यांना माय गावंढळ वाटेल, हे तुझं म्हणणं समजलं. पण पापड? इंद्रभान टेम्पोवाल्याचा तुझ्या दुकानी माल टाकायला फेरा असतो. ते पापड मशीनवर लाटलेले, पोत्यातून येतात, आणि तू नुसते पाकिटात भरतोस, हे त्यानं मला सांगितलं. मायच्या हाताचा वाराही त्यांना लागलेला नाही.

तरी काढीन. वामनरावांनी तुझी ऑर्डर घेतली आहे म्हणून. तुझ्यासाठी नाही.

कोकिळा


साखरखेर्डा, २ ऑगस्ट १९९८

दादा,

मायचा एखादा चांगला फोटो वापर म्हणतोस. कुठला? तुझ्या लग्नाचा अल्बम काढून बघ. एका फोटोत मागे चुलीपाशी कोणाची तरी पाठ दिसते, ती माय. बाकी अल्बमभर वहिनीच्या मावश्या आहेत.

तिचा तोंड दिसणारा एकच फोटो या घरात आहे, तो मतदानाच्या ओळखपत्रावरचा. फोटोवाला "पदर मागं घ्या, मावशी" म्हणाला म्हणून ती रागावली होती, तो सगळा राग त्यात आलाय. तोच मी स्कॅन केला. त्यावर ठिपके टाकत टाकत मायचं तोंड काढायला बसले. नाक सोपं गेलं. हनुवटी जमली. मग सुरकुत्या घेतल्या. मी एकही सोडली नाही. हळूहळू मशीन इतकं अडखळायला लागलं की ठिपका आज टाकावा आणि तो उद्या दिसावा.

वामनराव मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "हे छापाचं हाय, पोरी, घरी लावाचं नाई. एवढ्या बारीक रेघा जाळीतून उतरतीन काय? शाई भरन अन् सारं तोंड काळं होईन." स्क्रीन प्रिंटिंगमध्ये कापडाच्या जाळीतून शाई दाबतात, त्यात जवळजवळच्या रेघा एकमेकींत मिसळतात. ते खोटं बोलत नव्हते.

मग मी एकेक सुरकुती निवडून डिलीटचं बटण दाबत गेले. चुलीच्या धुरानं डोळे बारीक करून करून पडलेल्या गेल्या. ओठांच्या बाजूच्या, मान खाली घालून ऐकून घेतल्याच्या, त्याही गेल्या. प्रत्येक बटणाबरोबर माय थोडी तरुण होत होती. त्या दिवशी घरी आले तर दारातली माय मला भलतीच म्हातारी वाटली, आणि तसं वाटल्याचा मला रागही आला. मी पोचले तेव्हा ती कोणाचे तरी उडीद निवडत होती. "जेवाले बस," एवढंच म्हणाली.

नमुना इंद्रभानबरोबर पाठवते आहे. लुगडं आहे, डोक्यावरून पदर आहे, हातात लाटणं आहे, कपाळ जसं आहे तसं आहे. हसू नाही घातलं. तेवढं मला जमणार नाही.

कोकिळा


साखरखेर्डा, ३० ऑगस्ट १९९८

दादा,

तुझं उत्तर मी एसटीत उघडलं. रंग गोरा कर. केस काळे कर. लुगडं काढून पैठणी नेसव. नाकात नथ घाल. थोडं हसव. इथपर्यंत मी दात खात वाचलं. आणि मग शेवटी:

"कपाळ मोकळं आहे, तिथे ठसठशीत कुंकू पाहिजे. विधवेचं तोंड पाकिटावर चालत नाही. गिऱ्हाईक सकाळी सकाळी पाकीट हातात घेतं, शकुन बघतं. राग मानू नकोस, धंदा आहे."

खिडकीतून तोंड बाहेर काढून बसले. शेजारची बाई म्हणाली, "गाडी लागते काय व? लिंबू देऊ?" लिंबानं जाणारी मळमळ नव्हती ती.

तू विसरला असशील तर सांगते. गावात लग्न निघालं की पहिलं बोलावणं मायला यायचं. उडदाचं पीठ भिजवायला माय, कुटायला माय, लाट्या कापायला माय. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून ती अशी सरसर कापायची की आपण दोघं बघत बसायचो. पण मुहूर्ताचे पहिले पापड पाच सवाष्णींनी लाटायचे. तोवर मायनं भिंतीकडे सरकून बसायचं, लाटण्याला हात लावायचा नाही. मुहूर्त झाला, गाणं झालं, गूळ-खोबरं वाटलं, की कोणीतरी म्हणायचं, "या आता, सत्यभामाबाई." आणि सवाष्णी उठून चहाला जायच्या. उरलेली पायलीभर माय लाटायची.

तुझ्या लग्नातही तेच झालं. लेकाचं लग्न, घर तिचं, पीठ तिनं मळलेलं. वहिनीची आई म्हणाली, "विहीनबाई, तुम्ही जरा आत बसता काय, मुहूर्त होऊ द्या." माय उठली. तू दारात उभा होतास. तू ऐकलंस, आणि घड्याळाचा पट्टा सैल झाल्यासारखा मनगटाकडे बघत बसलास. मी तुझ्याकडेच बघत होते.

त्या पाचांत मी होते, कारण माझं लग्न झालेलं होतं. आणि आजही मला चालतं, दादा. दुसरबीडला एक माणूस जिवंत आहे, ज्यानं मला पट्ट्यानं मारून घराबाहेर काढलं. तो जिवंत आहे म्हणून माझे हात शुभ! मायनं अंथरुणावर पडलेल्या बाबांचं शेवटपर्यंत सगळं केलं, तिचे हात अशुभ. हे लिहितानासुद्धा थुंकावंसं वाटतं.

बरं, कुंकू कसं काढतात ते तुला सांगते, तुला धंद्याचं कुतूहल आहे. गोलाचं चिन्ह निवडायचं. कंट्रोलचं बटण दाबून धरायचं, नाहीतर गोल लांबट होतो. ओढायचं. खालच्या पट्टीतून लाल भरायचा. झालं. बाबा गेले तेव्हा शेजारच्या जनकाकाकूनं पदराच्या टोकानं मायचं कपाळ पुसलं होतं. तेवढाच वेळ लागला होता.

काढलंय. नथ, पैठणी, काळे केस, सगळं घातलंय. आणि सगळ्यात घाण गोष्ट सांगू? छान दिसली. मी सहा वर्षांची असताना दिसायची तशी. वामनराव दुकान बंद करायला आले तरी मी समोर बसून होते. तुझी शिसारी येतेच, त्या दिवशी माझीही आली.

कोकिळा


साखरखेर्डा, ५ ऑक्टोबर १९९८

दादा,

वहिनीचा निरोप पोचला. दिवाळीच्या पाडव्याला तुझ्या पापड केंद्राचं उद्घाटन, मुहूर्ताला पाच सवाष्णी, त्यातली पाचवी मी. म्हणजे दुकानातल्या पोळपाटावर पाच पापड लाटल्यासारखे करायचे आणि उरलेले पोत्यातून काढायचे. आणि मायनं "दुपारून आलं तरी चालेल". वाचून मी हसले. रडण्याचं सोंग मला जमत नाही.

त्याआधी दसऱ्याचं ऐक. वामनरावांच्या दुकानात दसऱ्याला मशीनची पूजा असते. सगळ्यांनी हळदकुंकू इतकं वाहिलं की एक बटण अजून दाबलं की वर येत नाही. वामनराव म्हणाले, "मायले घेऊन ये, ज्या बाईचं तोंड तू दिवसरात घासून राह्यली, ते बाई तरी पाहू दे आम्हाले." मी तिला काही सांगितलं नव्हतं. तुझा धंदा आहे, तुझं पाकीट आहे, एवढंच तिला ठाऊक होतं.

तिनं दारात चपला काढल्या, पाय पदराला पुसले, आत येऊन उभी राहिली. मी चित्र उघडलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"कोन हाय हे?"

"तूच हायेस, माय."

"मी नाई. माह्या वळनाची दिसते." मग म्हणाली, "येडी हाय काय व? एवढी नथ घालून पापड लाटते काय कोनी?"

वामनराव मोठ्यानं हसले. ती नाही हसली. काचेपर्यंत बोट नेलं, पण लावलं नाही, मागे घेतलं.

"हिले तं बलावत असतीन सारे मुहूर्ताले," म्हणाली.

वामनराव उगाच माउसवरची फुलं आवरायला लागले. मायच तुझं नाव घेऊन म्हणाली, "शालिग्रामचा धंदा हाय," आणि चपला शोधायला बाहेर गेली. वाटेत एसटीत आम्ही कपाशीबद्दल बोललो.

तर आता माझी अट. तुला उद्घाटनाला मायचं मोठं चित्र भिंतीवर हवंय ना? कुंकवासकट, नथीसकट? देते. पण मी पाचवी म्हणून येणार नाही. माझ्या जागी माय बसेल, आणि पहिला पापड तिच्या हातचा. पहिला. पाचवा नाही, मुहूर्त झाल्यावरचा नाही. पाकिटावर तिचा हात शुभ चालतो तर पोळपाटावरही चालला पाहिजे. कबूल असेल तर बुधवारी दुकानात फोन कर. नसेल तर ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लाव, त्यातली माय तुझ्याकडे बघण्यासारखं बघते.

कोकिळा


साखरखेर्डा, २८ ऑक्टोबर १९९८

दादा,

फोनवर तू काय म्हणाला होतास ते तुझ्याच शब्दांत लिहिते. "हाव हाव, पयला पापड मायच लाटन. तुह्या गळ्याची आन." गळा माझा, म्हणून तुला सोपं गेलं.

मी विश्वास ठेवला. मायसाठी नवं लुगडं आणलं. तिनं स्वतःचं लाटणं बरोबर घेतलं, जुनं, मध्ये झिजलेलं, फडक्यात गुंडाळून. इंद्रभानच्या टेम्पोत पुढे माय आणि मागे चौकटीतली माय, अशा दोघी शेगावला गेल्या.

भाऊबीज झाल्यावर ती परत आली. मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं, राग न धरता, लग्नाहून आलेली बाई सांगते तसं. हार मोठे होते. मांडव होता. दुकानात ट्यूबलाइट आहे.

"पापड लाटला?"

"लाटला ना त्याहीनं. पाच जनी होत्या, गोऱ्या गोमट्या."

"तू कोठी होतीस?"

"आतल्या खोलीत. पंखा होता वर." मग तिला आठवलं आणि ती कौतुकानं म्हणाली, "अन् फोटोले काय हळदकुंकू लावलं व बाप्पा त्याहीनं! पाचही जनीनं लावलं. त्या कपाळावर जागा नाई राह्यली."

आता हे तू पुन्हा वाच, कारण मला पुन्हा लिहवत नाही. भिंतीवरच्या मायला कुंकू लावलं आणि खरी माय पंख्याखाली बसवली. तेसुद्धा एकाच घरात, मध्ये फक्त एक पडदा. पाच बायांतल्या एकीला, तुझ्या बायकोला, तुला स्वतःला, कोणाला ओकारी आली नाही? तुमची पोटं कशाची बनली आहेत?

तिनं माझ्यासाठी जिलबी आणली होती. कागदाला चिकटली होती. "चांगली होती व, खाऊन पाह्य," म्हणत होती. मी खाल्ली, ती समोर बसली होती म्हणून. लाटणं फडक्यातून सुटलंच नव्हतं, गाठ तशीच होती, मी मारलेली.

पाकिटांची काळजी करू नकोस. नमुना तू पास केलास, त्यावर तुझी सही आहे. वामनराव भाचीच्या लग्नाला मेहकरला गेले आहेत, छपाई माझ्यावर सोपवली आहे. लॉट तयार झाला की इंद्रभान आणून टाकील. सगळं नीट होईल.

कोकिळा


साखरखेर्डा, २२ नोव्हेंबर १९९८

दादा,

फोनवर तू मला जे बोललास ते एसटीडीवाल्यानंही ऐकलं, एवढा आवाज होता. मशीनला शिव्या देऊ नकोस. वामनरावांना तर अजिबात नाही. चूक झालेली नाही.

पाकिटावर प्रत्येक रंगाची वेगळी जाळी असते. काळ्या रंगानं रेघा उमटतात, पिवळ्यानं पैठणी, लालनं अक्षरं आणि कुंकू. तू पास केलेल्या नमुन्यात कुंकू होतं. मग मी लाल जाळीची फिल्म, म्हणजे जिच्यावरून जाळी बनते ती, काढायला बसले, तो गोल निवडला, डिलीट दाबलं आणि फिल्म काढली. बाकी सगळं तुझ्या मनासारखं, नथ, पैठणी, हसू, आणि मध्ये मोकळं कपाळ. तुझ्या गोदामात मायची मोकळी कपाळं थप्प्यांनी उभी राहावीत, सकाळी शटर उघडलं की तुला तीच दिसावीत, असं मला हवं होतं. फार आनंद झाला होता मला ते छापताना.

तू सगळी पोती त्याच टेम्पोत आपल्या घरी परत पाठवलीस. वामनरावांनी सांगितलं आहे की लॉट उचलला गेला नाही तर मी दुकानाची पायरी चढायची नाही. "धंद्यात आपला राग दुसऱ्याच्या मालावर काढत नसतात, पोरी," म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. ते काम जाईल म्हणून मला धडकी भरली आहे, हेही लिहून टाकते. मशीनला मी कितीही नावं ठेवली तरी या जगात मला येणारी तीच एक गोष्ट आहे.

पण हे पत्र त्यासाठी नाही. गेल्या आठवड्यात माझ्या मागे मायनं एक पोतं उघडलं. मी घरी आले तर ती ओसरीवर पाय पसरून बसली होती, मांडीवर पाकीट.

"कोकिळे, हिचं कुंकू कोठी गेलं?"

"म्या काढलं."

"काऊन?"

मी सगळं सांगितलं. मोठ्या तोऱ्यात सांगितलं, दादा. खोटं कुंकू कसं लावलं, फोटोला कसं पुजलं, तिला आत कसं बसवलं, म्हणून मी तुझी कशी जिरवली. माय, तुझं कपाळ आहे तसंच मी छापलं, म्हटलं. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर पाकीट माझ्यासमोर धरलं.

"हे कपाळ कोनाचं हाय?"

"तुह्यं."

"मंग? पयले जनकानं पुसलं. मंग तुह्या भावानं लावलं. आता तू पुसलं. तिघाईतून एकानं तरी मले इचारलं काय?"

इतके महिने मी तुझ्यावर थुंकते आहे, आणि थुंकी माझ्याही तोंडावर आहे हे मला दिसलं नव्हतं. इतक्या दिवसांत मी तिला सगळं विचारलं, जेवलीस का, गोळी घेतली का, लुगडं कुठल्या रंगाचं आणू. हे नाही विचारलं. दसऱ्याला ती त्या काचेसमोर उभी होती, तेव्हा विचारता आलं असतं.

"तुले काय पाह्यजे, माय?" मी आता विचारलं.

"ते लाल शाई आन वामनरावाच्या इथून."

दुसऱ्या दिवशी मी डबा आणला. वामनरावांनी झाकण घट्ट लावून दिलं. माय पापडाला बसते तशी बसली, एक पाय लांब, पोत्याला टेकून. अंगठा शाईत बुडवला आणि पाकिटावर टेकवला. मी छापलेल्या नथीवर, पैठणीवर, त्या खोट्या हसण्यावर मायच्या अंगठ्याचं कुंकू. गोल नाही ते. कुठे चपटं, कुठे तिरपं, कुठे भुवईला लागलेलं, आणि जवळून बघितलं तर त्यात अंगठ्याच्या रेघा दिसतात. जाळीतून ज्या बारीक रेघा उतरत नव्हत्या, त्या यात उतरल्या आहेत.

मी पाकिटं हातात देत होते, ती लावत होती, मी वाळत घालत होते. मध्येच एक तिनं तसंच बाजूला ठेवलं.

"हे राह्यलं, माय."

"राह्यलं नाई. हिले नाई लावत."

"काऊन?"

"नाई वाटत हिले लावावंसं."

पुढच्या दोघींना लावलं, मग पुन्हा एकीला नाही. मी कारण शोधत होते, छपाई फिकी आहे का, पाकीट दुमडलंय का. तसं काही नव्हतं. प्रत्येकीकडे ती क्षणभर बघते आणि ठरवते. जनकाकाकू दारात आली, ओसरीभर वाळत घातलेली पाकिटं बघितली, मायचा अंगठा बघितला, आणि आली तशी निघून गेली. मायनं मान वर केली नाही.

आज ती पोती संपली. अंगठा अजून लाल आहे. ती शाई पाण्यानं जात नाही, रॉकेलनं जाते, म्हणून मी बाटलीत रॉकेल आणून ठेवलं. बाटली खिडकीत तशीच आहे. ती त्याच अंगठ्यानं भाकरी थापते, त्याच अंगठ्यानं नळावर हंडा धरते, आणि कोणी बघितलं तर बघू देते.

तर निरोप तिचा आहे, मी फक्त लिहिते आहे. पाकिटं तयार आहेत, टेम्पो पाठवू नकोस, स्वतः ये. तिनं उडीद भिजत घातले आहेत. तू आलास की पहिला पापड ती लाटणार आहे, तुझ्यासमोर, आणि तो तू खायचा. मग पोती न्यायची. आणि त्यातली कुंकवाची कुठली, बिनकुंकवाची कुठली, हे निवडत बसायचं नाही. न्यायची तर सगळी न्यायची. नाहीतर तिनं पोत्यांवर वाळवणाची जागा केली आहे, तिला काही अडलेलं नाही.

कोकिळा